सुइट, कार्ड आणि जळगावचा मे: सोळा रात्रींनंतर

फोटो, वेलकम ड्रिंक, बाथटब हे सगळं तुम्ही बुकिंगच्या अ‍ॅपवर पाहिलेलंच असणार, ते परत सांगत नाही. मार्च ते ऑक्टोबर २०२५, दर महिन्याला दोन रात्री, जळगावच्या ऐन बाजारातल्या या बारा खोल्यांच्या बुटिक हॉटेलात वरच्या मजल्यावरचा सुइट घेतला. कंपनी रात्रीचे पाच हजार देते, वरचे माझ्या खिशातून. पाठीचं दुखणं आहे आणि तिथली गादी खरोखर चांगली आहे, म्हणून देतो. पण खिशातून देतो म्हणूनच बोलतोही.

मुद्दा एकच, दाराजवळची खाच, जिच्यात खोलीच्या किल्लीचं कार्ड घातलं तरच वीज चालू राहते. कार्ड काढलं की वीस सेकंदांत एसीसकट सगळं बंद. विजेची बचत मला पटते. घरी मुलांच्या मागे पंखे बंद करत फिरणारा माणूस मीच. पण या सुइटला पश्चिमेकडून जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. आजोबांचं धाब्याचं घर होतं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात दुपारी तिथे घोंगडी टाकून झोप लागायची. इथे पावणेसात हजारांत काच मिळाली.

मे महिन्यात पारा चांगलाच चढलेला होता. चार वाजता खोलीवर आलो तर दार उघडताच भट्टीची झळ. उशीवर स्वागताचं चॉकलेट ठेवलेलं, ते वितळून पांढऱ्या अभ्र्यावर ओघळलेलं. एसी सोळावर लावून खोली बसण्याजोगी व्हायला पन्नास मिनिटं लागली, घड्याळ लावून मोजलीत. अंघोळ करावी म्हटलं तर गच्चीवरच्या टाकीमुळे गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी. बाथटबमध्ये मी बॅग ठेवतो.

सकाळी बिलात ‘लिनन डॅमेज ३५०’. चॉकलेट तुम्ही ठेवलं, एसी तुमच्या कार्डाने बंद झाला, आणि डाग माझा? काउंटरवर अर्धा तास हुज्जत घातली, ट्रेन सुटायची वेळ आली तरी हललो नाही. शेवटी ओळ काढली. ‘सॉरी’ मात्र कोणी म्हणालं नाही.

जूनमध्ये उपाय सापडला. खाचेत नुसतं दाबलं जाणारं बटण होतं, कुठलंही कार्ड चालायचं. किराणा दुकानाचं जुनं पॉइंटचं कार्ड घालून ठेवलं आणि दिवसभर एसी चोवीसवर. तेव्हाच हे लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

जुलैत कार्ड घातलं, अंधार. रूमबॉय साक्रीकडचा, पोराने हसून सांगितलं, “भाऊ, आते ते चालाव नही. नवी मशीन बसाडेल शे.” नवीन खाच कार्डातली चिप वाचते, हॉटेलचंच कार्ड लागतं. रिसेप्शनला दुसरं मागितलं तर “पॉलिसी नाही सर.” एका पाहुण्याला एक कार्ड. मग बेड दोन माणसांचा कशाला ठेवलाय?

नाश्त्याचं थोडक्यात: पोहे उत्तम, किवी आहे, ड्रॅगनफ्रूट आहे, केळं नाही. जळगावात! इथल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मी बाहेरच्या गाडीवरून अर्धा डझन घेऊन येतो.

आता बिल. आधी भाडं ६,००० आणि १२ टक्के जीएसटी, एकूण ६,७२०. २२ सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झाला. म्हणजे ६,३०० व्हायला हवे होते. ऑक्टोबरचं बिल? ६,७२०. भाडं गुपचूप ६,४०० केलेलं. मॅनेजर म्हणाला, पाच टक्क्यांत आम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, सामानावर भरलेला कर अंगावर पडतो. हे खरं आहे, सीएकडून विचारून घेतलं. पण तो कर नेमका चारशेच भरतो, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही, हे मला पटलेलं नाही.

तरीही गेल्या खेपेला एक गोष्ट घडली. ऑक्टोबरचं ऊन मेच्या तोंडात मारेल असं. मार्केटमधून घामाघूम येऊन दार उघडलं तर खोली गार, पडदे ओढलेले. खाचेत हाउसकीपिंगचं कार्ड. साक्रीच्या पोराने साडेतीनलाच येऊन लावून ठेवलेलं. उशीवर चॉकलेट नव्हतं, ते त्याने फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

त्याला शंभर दिले. आठ महिन्यांत मी दिलेली ही पहिली टिप.

नोव्हेंबरचं बुकिंग झालंय. थंडी पडलीये, भरिताची वांगी आलीत, एसी लागायचा नाही. तरी फोनवर सांगून ठेवलंय, कार्डं दोन हवीत. “बघतो सर” म्हणाले.