दोन एचपी कडबाकुट्टी: तीन म्हशींच्या गोठ्याचा हिशेब

कोल्हापुरात करवीर-शिरोळकडं ऊसतोडीत वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक, पण अख्खं टाकलं की म्हैस पाला ओढते आणि दांडा तुडवते. सिंगल फेजवर चालणारी ही कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं मशीन, पैसे वाचवते ते तिथंच. म्हशीला दिवसाला 20 किलो वैरण, त्यातली पाव वाया, दर किलोला 3 रुपये धरला तर तीन म्हशींमागं रोज 45 रुपये शेणात जातात.

पात्यांकडं लक्ष हवंच. फिरतं पातं आणि पट्टी यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढीच फट ठेवा. फट वाढली किंवा धार गेली की वाडं कापत नाही, पिंजतं. मोटर तापते आणि आधी कपॅसिटर जातो. व्होल्टेज कमी असेल तर चालवूच नका. रिव्हर्स गिअर नसलेलं मॉडेल स्वस्त मिळालं तरी नको. अडकलेला पेंढा काढताना बोटं जातात.

कुट्टीनं दुधाचं फॅट वाढेल ही आशा चुकीची, वाचते ती वैरण. वाड्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून दुभत्या म्हशीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्याच.