‘कॉम्बो’मधले मेमरी कार्ड: सहलीसाठी हलका कॅमेरा घेताना ठाण्यात झालेली फसवणूक

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडील एका दुकानातून मी सहलीसाठी हलका कॅमेरा विकत घेतला. कॅमेऱ्यासोबत दुकानदाराने ‘कॉम्बो’ म्हणून दिलेल्या वस्तूंपैकी मेमरी कार्ड बनावट निघाले, जादा बॅटरी नकली निघाली, आणि खुद्द कॅमेऱ्याला भारतातील कंपनीची वॉरंटीच नाही हे तीन महिन्यांनी कळले. पैशांचे नुकसान काही अंशी भरून निघाले. कार्डावर जे साठले आहे असे आम्ही समजत होतो, ते मात्र परत मिळाले नाही. सुट्ट्यांच्या तोंडावर ठाणे, वाशी, नेरूळ या भागांतील अनेक कुटुंबे अशीच खरेदी करतात, म्हणून सगळी हकीकत तपशिलाने लिहीत आहे.

आमच्याकडे बरीच वर्षे निकॉनचा डी७००० हा कॅमेरा होता. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ७८० ग्रॅम आणि त्यावर कायम लावलेल्या १८-१०५ लेन्सचे ४२० ग्रॅम, म्हणजे गळ्यात जवळजवळ १२०० ग्रॅमचे ओझे. एका हातात आईचा हात आणि खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असताना हे ओझे नकोसे होते, आणि मागच्या दोन सहलींत कॅमेरा हॉटेलच्या खोलीतच पडून राहिला होता. त्यामुळे आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा घ्यायचे ठरले. बरेच वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली की, वजनाचा खरा निर्णय बॉडीपेक्षा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापेक्षा, लेन्स करते. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या भागाची) बॉडी लहान मिळू शकते, पण तिच्या चांगल्या झूम लेन्सचेच वजन बहुधा अर्ध्या किलोच्या पुढे जाते. मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत लेन्स लहान असतात, पण सेन्सरही लहान असतो आणि मंदिरांच्या अंधाऱ्या मंडपांत मला तो कमी पडेल असे वाटले. शेवटी या दोन्हींच्या मधल्या आकाराच्या, एपीएस-सी सेन्सरचा सोनी ए६४०० निवडला. २०१९ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी आणि कार्डासह ४०३ ग्रॅम आहे आणि १६-५० लेन्सचे ११६ ग्रॅम. दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या थोडेसेच वर. ही निवड चुकली असे मला आजही वाटत नाही.

या निवडीतील एक बारकावा मात्र मी तेव्हा दुर्लक्षिला. डी७००० मध्ये कार्डांसाठी दोन खाचा होत्या आणि मी प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर साठवीत असे. ए६४०० मध्ये एकच खाच आहे. वजन कमी करताना एक बॉडी, एक लेन्स, एक कार्ड असा संच होतो आणि त्या एका कार्डावर सगळी सहल अवलंबून राहते. दुकानात मात्र त्याच कार्डाकडे कोणी पाहत नाही, कारण ते ‘फुकट’ मिळालेले असते.

दुकानदाराने सांगितलेली किंमत अधिकृत विक्रेत्यापेक्षा सात हजार रुपयांनी कमी होती, आणि शिवाय त्याने काउंटरवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली: २५६ जीबीचे कार्ड, जादा बॅटरी, छोटी पिशवी, लहान ट्रायपॉड. “सर, हे सगळं कॉम्बोमध्ये आहे, तुमच्याकडून वेगळे पैसे घेणार नाही,” असे तो म्हणाला. कार्डावर एका नामांकित कंपनीचे नाव, वेगाची चिन्हे, सगळे व्यवस्थित छापलेले होते. वेष्टन मात्र त्याने स्वतःच फाडले, कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करून दिले आणि वेष्टन काउंटरखालच्या टोपलीत टाकले. त्या वेळी ती मला तत्परता वाटली. आज कोणीही माझ्यासमोर असे करू लागले तर मी हात धरून थांबवीन, कारण वेष्टनासोबत तक्रारीचा निम्मा पुरावा जातो.

बिलाबाबतही मी पुरेशी काळजी घेतली नाही. आधी त्याने कच्ची पावती देऊ केली. मी पक्के बिल मागितल्यावर ते दिले, पण त्यावर ‘कॅमेरा – १, कॉम्बो किट – १’ एवढेच लिहिले. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नव्हता आणि किटमध्ये काय काय आहे याचा उल्लेख नव्हता. जीएसटी क्रमांक होता, म्हणून मी समाधान मानले.

घरी येताना तलावपाळीवर थांबून मुलीने चाळीस-पन्नास छायाचित्रे काढली. सगळी उत्तम आली. कार्डाची परीक्षा झाली असे आम्ही समजलो. प्रत्यक्षात अशा कार्डाची लबाडी पन्नास छायाचित्रांत कधीच उघडी पडत नाही, हे नंतर समजले.

डिसेंबरात आम्ही हंपी, ऐहोळे, पट्टदकल आणि बदामी अशी सहल केली. बदामीजवळची बनशंकरी हे आमचे कुलदैवत. आईला पौषातील शाकंभरी नवरात्राची गर्दी सुरू होण्याआधी तिथे जाऊन ओटी भरायची होती, आणि तिचे वय पाहता हा प्रवास पुन्हा होईल याची आम्हाला कोणालाच खात्री नव्हती. सहलीचा शेवटचा दिवस त्यासाठी राखून ठेवला होता. सामान हलके ठेवायचे म्हणून लॅपटॉप घरीच ठेवला.

हंपीत दोन दिवसांत सुमारे पाचशे छायाचित्रे काढली, तीही रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी (नेहमीची लहान फाइल) अशा दोन्ही रूपांत, म्हणजे प्रत्येकी साधारण ३५ एमबी. शिवाय वीसेक मिनिटांचे फोर-के चित्रीकरण झाले. विठ्ठल मंदिराच्या आवारात दगडी रथासमोर चित्रीकरण दोनदा आपोआप थांबले. मी ते उन्हामुळे कॅमेरा तापल्याचे लक्षण मानले. खरे कारण असे की, सेकंदाला १०० मेगाबिट (म्हणजे सुमारे १२.५ एमबी) दराने चित्रीकरण करायचे तर कार्डाने तेवढ्या वेगाने सलग लिहून घ्यावे लागते. कार्डावर छापलेले यू३ हे चिन्ह सेकंदाला किमान ३० एमबी वेगाचे वचन देते, आणि या कार्डात तो वेग नव्हता. पहिली सूचना मिळाली होती, मी ती ओळखली नाही.

दुसरी सूचना बॅटरीने दिली. या कॅमेऱ्याच्या एका अस्सल बॅटरीवर मागच्या पडद्याचा वापर करून सुमारे चारशे छायाचित्रे निघतात असे कंपनी सांगते. कॉम्बोमधली बॅटरी शंभरच्या आतच बंद पडे, तीही साठ टक्के दाखवत असताना एकदम. म्हणून बॅटरी वाचवण्यासाठी रात्री बसून दिवसभराची छायाचित्रे मागे जाऊन पाहणे आम्ही बंद केले. नकली बॅटरीमुळे बनावट कार्ड झाकले गेले. रोज रात्री आम्ही ती पाहिली असती, तर पट्टदकलच्या दिवशीच प्रकार लक्षात आला असता आणि बदामीच्या बाजारातून साधेसे दुसरे कार्ड घेता आले असते.

बनशंकरीला आई मंदिराच्या हरिद्रा तीर्थ या तळ्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसली होती. मागे दगडी खांबांची रांग होती, सकाळचे ऊन तिरपे येत होते, आणि ती आमच्या मुलीला आपल्या सासूबाईंबरोबर पहिल्यांदा इथे आल्याची आठवण सांगत होती. मी छायाचित्रे काढली, ते बोलणे चित्रित केले. प्रत्येक वेळी पडद्यावर छायाचित्र स्पष्ट दिसले.

ठाण्याला परत आल्यावर कार्ड संगणकाला लावले. फायलींची नावे सगळी होती, क्रमांक अखंड होते, आकारही बरोबर दिसत होते. हंपीतील छायाचित्रे उघडली. त्यानंतरची एकही उघडली नाही. ऐहोळे नाही, पट्टदकल नाही, बदामीची लेणी नाहीत, बनशंकरी नाही.

हे कसे होते ते समजून घेणे आवश्यक आहे. अशा कार्डात खरी साठवण थोडी असते, पण आतील नियंत्रक चिपच्या प्रणालीत फेरफार करून तिला खोटी क्षमता सांगायला लावलेले असते. कॅमेरा आणि संगणक दोघेही त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. खरी जागा संपेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर आलेली माहिती एक तर जुन्या माहितीवर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही. फायलींच्या नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावे शाबूत दिसतात. छायाचित्र काढल्याबरोबर पडद्यावर जे दिसते ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून दिसते, कार्डावरून नव्हे. मी एका तंत्रज्ञाकडे कार्ड घेऊन गेलो. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, पुसले गेलेले परत आणता येते, मुळात लिहिलेच न गेलेले आणता येत नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत.

नंतर मी एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम संगणकावर चालवला. तो संपूर्ण कार्ड माहितीने भरतो आणि मग ती जशीच्या तशी परत वाचता येते का हे तपासतो. मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एफथ्री नावाचा असाच प्रोग्राम आहे. चाचणीला एक रात्र लागली. २५६ जीबीच्या कार्डात खरी जागा ३२ जीबीची होती. हे काम मी ऑक्टोबरात, प्रवासाला निघण्यापूर्वी करायला हवे होते, आणि नवीन कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाने, ते कितीही मोठ्या दुकानातून आणले असले तरी, पहिल्या वापराआधी करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुकानदाराने कार्ड हातात घेऊनही पाहिले नाही. “सर, फ्री दिलेल्या वस्तूवर गॅरंटी नसते, आणि हे कार्ड आमच्याकडचंच कशावरून?” असे त्याचे उत्तर होते. बिलावर काहीच लिहिलेले नसल्याने दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅमेऱ्याच्या वॉरंटीची शंकाही मला तिथेच आली, कारण त्याने दिलेल्या वॉरंटी कार्डावर फक्त दुकानाचा शिक्का होता. जानेवारीत कंपनीच्या सेवा केंद्रात अनुक्रमांक दाखवला तेव्हा कळले की, तो कॅमेरा भारतात विक्रीसाठी आलेलाच नव्हता. बाहेरून आणलेला, ज्याला बाजारात ग्रे मार्केटचा माल म्हणतात, तसा होता. त्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या घरात होता. २०११ च्या वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. माझ्या खोक्यावर यांतले काहीच नव्हते. सात हजारांची सवलत कुठून आली हे तेव्हा उमगले.

फुकटच्या वस्तूची जबाबदारी नसते, हे दुकानदाराचे म्हणणे मात्र कायद्याला धरून नाही, आणि हे प्रत्येक ग्राहकाला माहीत असावे म्हणून मुद्दाम लिहितो. ज्या वस्तूची किंमत एकूण रकमेत पूर्णतः किंवा अंशतः धरलेली आहे, ती फुकट देत असल्याचा भास निर्माण करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे. या कायद्याखाली ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलाची प्रत, पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद, चाचणीच्या निकालाचे चित्र आणि सेवा केंद्राचे लेखी उत्तर जोडले. सुदैवाने खरेदीच्या दिवशी मुलीने काउंटरवर मांडलेल्या सगळ्या वस्तूंचे एक छायाचित्र मोबाइलवर काढून मावशीला पाठवले होते. त्यात कार्ड स्पष्ट दिसत होते, आणि ‘आमच्याकडचंच कशावरून’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका छायाचित्राने दिले.

आता दुसऱ्यांच्या खरेदीला सोबत जातो तेव्हा मी पैसे देण्याआधी बिल लिहून घेतो: बॉडी, लेन्स, बॅटरी, कार्ड, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि अनुक्रमांकासह. दुकानदार कुरकुरला तर तेवढ्यावरच दुकान सोडतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव जुळते की नाही ते दोन मिनिटांत कळते. शक्य झाल्यास खोके उघडण्याआधी सेवा केंद्राला दूरध्वनी करून अनुक्रमांक विचारून घ्यावा. सहलीला मी ६४ जीबीची तपासलेली दोन कार्डे नेतो, ती दिवसाआड बदलतो, आणि रात्री निवडक छायाचित्रे कॅमेऱ्यातून बिनतारी मार्गाने मोबाइलवर उतरवतो. या सगळ्याचे वजन काही ग्रॅमदेखील वाढत नाही.

तक्रारीनंतर सात आठवड्यांनी दुकानदाराने फोन केला आणि कार्ड, बॅटरी व वॉरंटीच्या बदल्यात मिळून नऊ हजार रुपये परत करण्याची तयारी दाखवली. वॉरंटीबद्दल जिल्हा आयोगापर्यंत जावे असे मला वाटत होते, पण आईच्या आजारपणामुळे मी तडजोड स्वीकारली, ती लेखी घेतली आणि त्यात कार्ड बनावट असल्याचा उल्लेख करून घेतला. पैसे देताना त्याने कार्ड परत मागितले. ते मी दिले नाही. ते परत गेले असते तर पुसून, फॉरमॅट करून दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्बोत गेले असते. ते माझ्याकडे बिलाच्या प्रतीसह पाकिटात ठेवलेले आहे.