गाठ दाखवणारे आणि गाठ मारणारे नॅनोकण: निवडताना काय पाहावं

कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की थोड्याच दिवसांत घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर नॅनोकणांची बातमी येऊन पडते: एकच कण स्कॅनमध्ये गाठ दाखवतो आणि तोच ती मारतो. बातमी बहुधा खोटी नसते, पण तीत उंदरांवरचे प्रयोग आणि माणसांवरच्या चाचण्या एकाच दमात सांगितलेल्या असतात. उंदरांचे बाजूला काढले की मोजकेच कण उरतात. त्यांच्यासाठी माझी कसोटी एकच: चित्र पाहून डॉक्टरांचा निर्णय बदलतो का? ते पाहून ‘यांना हा उपचार नको’ असं म्हणता येत नसेल, तर त्या चित्राचा पेशंटला फारसा उपयोग नाही.

खरी तुलना करण्याजोगे दोन कण आहेत, दोन्ही फ्रान्सचे. तत्त्व एकच. गॅडोलिनियम (अणुक्रमांक ६४) किंवा हाफ्नियम (७२) असे जड अणू एक्स-रे जास्त शोषतात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन अगदी लगतच्या पेशींना इजा करतात. रेडिएशन तेवढंच, गाठीत त्याचा मार मात्र जास्त. म्हणजे हे कण रेडिएशनला पर्याय नाहीत. रेडिएशन दिलंच नाही तर ते नुसते पडून राहतात. बातम्यांमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

पहिला एग्विक्स, ल्योंच्या संशोधकांचा. आकार जेमतेम ५ नॅनोमीटर, त्यात गॅडोलिनियम. तो शिरेतून देतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून तो आत झिरपतो आणि एमआरआयमध्ये उजळ दिसतो. उरलेला भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल) तर हा विषय तिथेच थांबतो. ग्रेनोबलला मेंदूत अनेक ठिकाणी कॅन्सर पसरलेल्या १५ पेशंटना पूर्ण मेंदूच्या रेडिएशनसोबत (१० बैठकांत ३० ग्रे; ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) तो दिला गेला. किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत डोस नेऊनही तो थांबवावा लागेल असा त्रास झाला नाही. कोणत्या गाठीत किती कण शिरले हे एमआरआयवर मोजता आलं, आणि मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. २०२१ च्या अहवालात मोजता आलेल्या १४ पैकी १३ जणांच्या गाठी स्थिर राहिल्या किंवा आक्रसल्या, असं आहे. आकडा ऐकायला छान, पण शेजारी कण न दिलेल्या पेशंटचा गट नव्हता. नुसत्या रेडिएशननेही गाठी आक्रसतात. श्रेय कणाचं किती, हे या चाचणीवरून ठरत नाही.

दुसरा एनबीटीएक्सआर३, हाफ्नियम ऑक्साइडचा, सुमारे ५० नॅनोमीटरचा. तो रक्तातून जात नाही. डॉक्टर थेट गाठीत सुई घालून एकदाच टोचतात. हातापायांच्या किंवा धडाच्या मऊ ऊतींमधल्या (स्नायू, चरबी वगैरे) कॅन्सरच्या, म्हणजे सार्कोमाच्या १८० पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला कण आणि रेडिएशन, दुसऱ्याला नुसतं रेडिएशन, मग दोघांचं ऑपरेशन. काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळपास उरलाच नाही असे पेशंट पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात ८ टक्के निघाले. त्यावर २०१९ साली युरोपात सीई मान्यता (तिथल्या बाजारात आणण्याची परवानगी) मिळाली. पुरावा एग्विक्सपेक्षा भक्कम आहे, तरी हे प्रमाण म्हणजे आयुष्य किती वाढलं याचा आकडा नव्हे. आणि चित्राच्या कसोटीवर हा कण मागे पडतो. सीटी स्कॅनमध्ये तो ठळक दिसतो खरा, पण दिसतं ते एवढंच की टोचला तिथे तो राहिला आहे. गाठ कशी आहे, ती उपचाराला दाद देईल का, याबद्दल स्कॅन गप्प.

मग सुईच बरी नाही का? गाठ एकच आणि हाताशी असेल तर हो. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांवरच्या, मुख्यतः प्राण्यांमधल्या अभ्यासांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या डोसचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. पण मेंदूत दहा ठिकाणी गाठी असतील तर दहा सुया कोण घालणार?

जर्मनीचा नॅनोथर्म आणि अमेरिकेतले सोन्याचे कवचकण यांचं थोडक्यात. नॅनोथर्म म्हणजे लोहकण. चुंबकीय क्षेत्रात ते तापतात. मेंदूच्या गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली, पण त्याच कणांमुळे पुढे तिथला एमआरआय नीट येत नाही. चित्र देण्याऐवजी चित्र बिघडवणारा कण! बनवणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. सोन्याचे कण प्रोस्टेटमध्ये लेझरने तापवतात. तिथे गाठ शोधतात ते एमआरआय आणि सोनोग्राफीने, कणांनी नव्हे.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरतो तो उपचार मात्र नॅनोकणांचा नाहीच. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या) आधी किरणोत्सर्गी गॅलियम-६८ लावलेल्या रेणूने पेट स्कॅन करतात. गाठी उजळल्या तर जवळपास तसाच रेणू ल्युटेशियम-१७७ लावून देतात, आणि त्याचं रेडिएशन गाठीला आतून मारतं; नाही उजळल्या तर देत नाहीत. आतड्याच्या मधल्या भागातल्या अशा गाठींवरच्या मोठ्या चाचणीत २० महिन्यांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ६५.२ टक्के होतं, तुलनेच्या गटात १०.८. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार बरीच वर्षं दिला जातो, आणि ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं.

तेव्हा न्यूरोएंडोक्राइन गाठ असेल, किंवा पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल (त्यावरही ल्युटेशियमचा असाच उपचार आहे), तर नॅनोच्या मागे न लागता आधी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना भेटा. सार्कोमा किंवा मेंदूतल्या गाठींसाठी नॅनोकण हवाच असेल तर तो चाचणीतूनच घ्यावा, नेहमीचा उपचार न सोडता. भारतात कुणी ‘नॅनो उपचार’ म्हणून पॅकेज पुढे केलं तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. खरी चाचणी असेल तर तो असतोच. तिच्या वेबसाइटवर टाकला की टप्पा कोणता, पेशंट किती, तुलनेचा गट आहे का, हे घरबसल्या वाचता येतं.