ओएसपीएफचे टायमर कमी करायचे की बीएफडी लावायचं?

ओएसपीएफ म्हणजे राउटरनी आपापसात रस्ते ठरवायची पद्धत, आणि बीएफडी म्हणजे समोरचा राउटर जिवंत आहे का ते झटपट तपासणारी वेगळी सोय. पलीकडचा राउटर गेला तरी आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, कारण मधे कुणाचा तरी स्विच नाहीतर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा) बसलेला असतो. असा सेटअप असेल तर पुढचं वाचा, थेट वायर असेल तर पोर्टच डाउन होतो आणि यातलं फारसं काही लागत नाही.

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्याचं नेटवर्क बघतो. मेन युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुसरं चिंचोळीत, मधे फायबर आणि बॅकअपला रेडिओ. ओएसपीएफचा डिफॉल्ट हॅलो (मी जिवंत आहे असा निरोप) दर १० सेकंदांनी, डेड (इतका वेळ निरोप आला नाही तर समोरचा मेला असं धरायचं) ४०, म्हणजे मधेच कुठं फायबर तुटलं की राउटर ४० सेकंदांपर्यंत मेलेल्या लिंकवरच पॅकेट पाठवत बसतो. आणि डिस्पॅचला गठ्ठे स्कॅन करणारा माणूस दहाव्या सेकंदालाच फोन लावतो, त्याचंही बरोबरच आहे.

आधी टायमरच कमी केले, हॅलो १, डेड ४, दोन्ही लिंकवर. नवीन काही शिकायला नको, जुन्या राउटरवरपण चालतं, वर्षभर छान चाललं.

मग गड्डा यात्रेच्या दिवसात चिंचोळीचा राउटर जळाला. बदली राउटर लावला, पण त्यातला बॅकअप जुना, टायमर १० आणि ४० वालेच. फायबरची पॉवर ठीक, समोरच्या आयपीला पिंग ठीक, पण नेबर (ओएसपीएफची समोरच्या राउटरशी जोडणी) काही होईना, लॉगमध्ये एक ओळ नाही. मी दोन तास फायबरवाल्याशी भांडत बसलो आणि शेवटी डीबग लावल्यावर कळलं की हॅलो-डेड दोन्हीकडे तंतोतंत सारखे नसले तर नेबर होतच नाही. हे मला फार लागलं. लिंक चांगली असताना युनिट बंद!

बीएफडीत दोन्ही बाजू आपापसात ठरवतात, एकीकडे ३०० मिलिसेकंद आणि दुसरीकडे ५०० असेल तर ५०० वर चालतं, भांडण नाही. आणि एका बाजूला बीएफडी लावायचंच राहिलं तरी आमच्या राउटरवर ओएसपीएफ उभं राहतं, फक्त फेल्युअर उशिरा कळतो. ३०० गुणिले ३ (सलग तीन निरोप चुकले की लिंक गेली असं धरायचं), म्हणजे सेकंदाच्या आत निकाल, आणि उद्या बीजीपी (प्रोव्हायडरशी रस्ते ठरवायची पद्धत) आलं तर तेच सेशन त्यालाही चालेल.

पण हाव नको. रेडिओवर मी बीएफडी ५० मिलिसेकंदांवर ठेवून बघितलं तर जरा वारा-पाऊस आला की नेबर वरखाली व्हायचा, ५०० केल्यावर शांत झालं. स्वस्तातल्या राउटरमध्ये बीएफडी नसेल, किंवा समोरचा प्रोव्हायडर लावून देत नसेल, तर १ आणि ४ वाईट नाही, फक्त बदली राउटरच्या बॅकअपमध्ये तेच टायमर आहेत ना ते आधी बघून ठेवा. दोन्हीकडे सोय असेल तर मी तरी बीएफडीच लावेन.

आणि टेस्ट करताना आपल्या पोर्टची पॅचकॉर्ड काढू नका, त्यानं पोर्टच डाउन होतो आणि बीएफडीला कामच उरत नाही. मधल्या कन्व्हर्टरची पलीकडची वायर काढा, आणि पिंग चालू ठेवून किती पॅकेट हरवले ते मोजा.