रोजची टेकडी की रविवारचा सिंहगड?

पुण्यात तब्येतीसाठी चालायचं ठरवलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, घराजवळची टेकडी धर. दुसरा म्हणतो, दर रविवारी सिंहगड कर. सल्ले दोन्ही खरे, पण शरीराकडून ते वेगवेगळी कामं करून घेतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले तीन महिने टेकडीच धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी चढाचा हिशेब पाहू. आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढताना जवळपास तीन किलोमीटरमध्ये सुमारे ६०० मीटर उंची गाठावी लागते. टेकडीवर रोज १२० मीटर चढलात, तर पाच दिवसांत तेवढाच चढ होतो. ७० किलो वजनाच्या माणसाची ६०० मीटर चढण्यात साधारण ४०० ते ५०० कॅलरी खर्च होतात, मग तो चढ एका दिवसात होवो की पाच दिवसांत. सिंहगडावर मात्र वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही समोर येतं आणि तो खर्च तासाभरात भरून निघतो. खायला हरकत नाही, फक्त वजन उतरेल हा हिशेब त्यावर मांडू नये.

फरक पडतो तो सातत्यात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. टेकडीवर ३०-४० मिनिटं असे पाच दिवस गेलात की हे सहज जमतं. चालण्याने साखर आणि रक्तदाबावर होणारा चांगला परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, त्यामुळे रविवारची मोठी चाल गुरुवारपर्यंत पुरत नाही. मनाच्या बाजूनेही टेकडी कमी पडत नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. ही मिनिटं एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फरक दिसला नाही. म्हणजे रोजची अर्धी-पाऊण तासाची टेकडी तिथेही पुरेशी आहे.

आता उताराकडे या. नवखी माणसं मोडतात ती इथेच. चढताना दम लागतो, माणूस थांबतो, सावरतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून तो भराभर उतरतो. त्या वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला शरीराचं वजन रोखून धरतात, आणि अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि संडासला बसणंही अवघड होतं. थोडा-थोडा उतार वरचेवर उतरलात तर स्नायू त्याला लवकर सरावतात. टेकडी हेच करते. महिन्यातून एकदाच गड करणाऱ्याचा हा सराव तितका मुरत नाही आणि तो पुन्हा लंगडू शकतो.

उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि टाच आपटू नका. वेताळ टेकडीच्या उतारांवर कोरड्या दिवसांत सुटा मुरूम असतो, पाय ज्वारीच्या दाण्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. बुटाचा तळवा उलटा करून बघा, टाचेजवळची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर तो बूट फक्त डांबरी रस्त्यासाठी ठेवा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख बुटाला आदळून काळं पडतं. लेस घोट्याजवळ घट्ट आणि पंजाजवळ थोडी सैल बांधा. पावसाळ्यानंतर गवताची कुसळं मोज्यात घुसतात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. आडवाटांनी टेकडीची मातीही वाहून जाते, हे दुसरं आणि मोठं कारण.

टेकड्यांमध्येही निवड आहे. गुडघे कुरकुरत असतील किंवा वजन जास्त असेल तर तळजाई: वाट बरीचशी सपाट, वर झाडांची सावली. पर्वतीला १०३ पायऱ्या. वेळ कमी असणाऱ्यांना ती सोयीची, पण पायऱ्या रुंद असल्याने दर पायरीला तोच पाय पुढे पडत राहतो. तो मुद्दाम बदलत राहा. वेताळ टेकडी या तिघींत खरी चढाची. ती शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट. अंधारात एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात गवतात पाय टाकण्याआधी बघा, फुरसं आणि घोणस दोन्ही असू शकतात.

क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे सपाट वाटेवर ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून त्यातले दोन दिवस चढाचे, सहाव्यापासून तीन. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हृदयविकार असेल तर चढ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चढताना छातीत दाब जाणवला तर तिथेच थांबा, "थोडंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका.

सिंहगडाला कधी जायचं? टेकडी एका दमात दोनदा चढून-उतरून दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला नाही, की जा. जमलं तर मधल्या वारी जा, कारण रविवारी वाट आणि रस्ता दोन्ही तुंबतात. सहाच्या आत चढायला लागा, दीड लिटर पाणी घ्या. नवख्याने चढायला दीड तास धरावा. आणि पहिल्या खेपेला पाय थरथरायला लागलेच, तर वरच्या वाहनतळावरून शेअर जीपने पायथ्याला उतरा. चढाचा सगळा फायदा पदरात पडलेला असतो, फक्त उताराची इजा टळते.