बिलात नवा, गाडीत जुनाच

वॉरंटी संपली की गाडी शोरूमला टाकायची बंद करायची आणि बाहेरचा फिटर धरायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात गैर काही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे मिस्त्री आहेत की नुसता इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतात. (आणि कंपन्या तरी कुठं धुतल्या तांदळासारख्या आहेत? सुटे भाग बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहज मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता.) त्यामुळं माझा राग एकाच गॅरेजवर आहे. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो.

हायवेकडचं गॅरेज. चकचकीत फरशी, बसायला एसी खोली, आल्या आल्या चहा. काम साधं होतं: ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड. पॅड मुद्दाम सांगितले, कारण गणपतीला गगनबावड्याकडून कोकणात उतरायचं होतं. "आत कस्टमरला सोडत न्हाई साहेब, सेफ्टी असतीया. संध्याकाळी या," म्हणाले.

संध्याकाळी गाडी धुऊन, टायरना पॉलिश मारून उभी. हातात पडलं ते कच्चं बिल: नऊ हजार चारशे रुपये, ना शिक्का ना जीएसटी नंबर. पक्कं मागितलं तर उत्तर तयार होतं. "पक्क्याला अठरा टक्के वर पडत्यात. तुमच्याच फायद्याचं सांगतोय." जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला दुपारीच घेऊन गेला.

एसीचा कुबट वास मात्र जाईना. म्हणून उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, एसीचा फिल्टर बाहेर ओढला आणि माझ्यापुढं झटकला. धूळ, पिंपळाच्या पानाचे तुकडे, एक मेलेला किडा. मग एअर फिल्टर काढला. त्याच्या कडेला काळ्या मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहिलेले, आदल्या वर्षी शोरूमच्या पोरानं लिहिलेले, जसेच्या तसे. म्हणजे हवा मारून जुनाच परत बसवलेला. चाक उतरवलं तर पॅडही जुनेच. नव्या पॅडला साधारण दहा मिलिमीटर मसाला (घासून झिजणारा थर) असतो, तीनवर आला की बदलायचा. माझा दोनच्या आसपास होता. "ह्याच्यावर घाट उतरणार व्हता व्हय?" एवढंच ते बोलले.

फिल्टरचे पैसे बुडाले असते तर चार शिव्या देऊन विसरलो असतो. ब्रेकचं तसं नाही. गाडीत बायकापोरं बसणार होती.

परत गेल्यावर मालकानं आधी पोरावर ढकललं, मग "पुढच्या सर्व्हिसिंगला ॲडजस्ट करू" म्हणाला. बराच आवाज चढल्यावर पॅडचे पैसे दिले. बाकीचे दिले नाहीत. बिलातल्या साडेचार लिटर ऑईलचं विचारलं तर गप्प. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये साडेतीनच्या आत आकडा आहे. वरचं लिटर कुठल्या इंजिनात गेलं ते त्यालाच माहीत.

नवं गॅरेज धरणार असाल तर पहिल्यांदा मोठं काम देऊ नका, ऑईल बदलून बघा. ऑईलचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. नव्या पार्टचं खोकं मागा, त्यावर एमआरपी आणि पार्ट नंबर असतो. गाडी टाकतानाच बजावा की जुने पार्ट डिकीत ठेवा. चांगला मिस्त्री न सांगता ठेवतो, आणि ज्याला ह्याचा राग येतो त्याच्या दारातूनच गाडी वळवा. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत हातानं किंवा एका स्क्रू-ड्रायव्हरनं निघतो, त्यावर आपणच मार्करची खूण करून ठेवावी.

आणि पक्कं बिल घ्याच. अठरा टक्के जाऊ देत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. पण काय बसवलं आणि कितीला, हे लिहिलेला कागद हातात नसला की पुढचा माणूस सरळ कानावर हात ठेवतो. निदान पैसे तरी रोख देऊ नका. यूपीआयनं दिले होते म्हणूनच तो मालक "तुम्ही आलाच न्हाई" असं म्हणू शकला नाही.