कवडीचं आजारपण आणि बाजारपेठेतलं पशुखाद्याचं दुकान

गणपती गेले त्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या चार गावरान कोंबड्यांपैकी कवडी सकाळी खुराड्यातून बाहेरच येईना. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. सासूबाई म्हणाल्या, खुडूक असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल. पण खुडूक कोंबडी हात लावायला गेलं की फुगून चोच मारते. ही उचलली तरी गप्प, आणि तुरा फिकट पडलेला. तशीच रिक्षा केली आणि चिपळूणच्या बाजारपेठेतल्या पशुखाद्याच्या दुकानात गेले.

हे लिहितेय ते त्या दुकानासाठी. मी औषध मागायला गेले होते आणि दुकानदारांनी ते दिलं नाही. आधी विचारलं, "काकू, सकाळी खायच्या आधी तिची पिशवी चाचपलीत का?" कोंबडीच्या मानेच्या बुडाशी, जराशी उजवीकडे, अन्न साठवायची पिशवी असते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती फुगलेली आणि लिबलिबीत लागली, चोचीला आंबूस वास येत असला, तर अन्न आत आंबलंय. मग घरचे उपाय न करता थेट डॉक्टर. कवडीची पिशवी रिकामी होती. म्हणजे पोटात काही जातच नव्हतं.

अँटिबायोटिकची पावडर समोर फळीवर होती. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "अंडी घरातच खाता ना? औषध अंड्यात उतरतं, मग डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको." १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर त्यांनीच कागदावर लिहून दिला. गिऱ्हाईक समोर उभं असताना विकायची वस्तू बाजूला ठेवणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

विकलं ते एवढंच: दोन किलो लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, आणि इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे क्षारांचं, एक पाकीट. गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा मॅश वर काढला आणि वास घ्या म्हणाले. कोरडा, भाजल्या धान्यासारखा वास. याला मी एवढं महत्त्व देते, कारण मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेल्या मक्याच्या भरड्यात हिरवट बुरशीच्या गाठी निघाल्या होत्या. उन्हात घालून वापरू असं मनात आलं होतं. पण त्या बुरशीचं विष ऊन दाखवून किंवा भाजूनही जात नाही, ते थेट यकृतावर जातं. सगळा भरडा पुरला. या दुकानात २०२१ च्या पुरानंतर गोण्या जमिनीवर ठेवतच नाहीत, लाकडी माचावर असतात, आणि पावसात दोन किलोच्या वर घेऊ नका असं तेच सांगतात.

घरी आल्यावर मॅश कोमट पाण्यात कालवला, थालीपिठाच्या पिठाहून थोडा सैल. वर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करला. पहिल्यांदा तिने तोंड फिरवलं. मग बोटावर एवढासा घेऊन चोचीच्या कडेला लावला, तर चोच हलवून गिळला आणि वाटीकडे बघायला लागली. पाणी मात्र चोच उघडून ओतायचं नाही, हे दुकानदारांनी दोनदा बजावलं होतं. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी तिकडे गेलं तर कोंबडी हातातच जाते. चोचीचं टोक वाटीत बुडवायचं, पिणं तिचं ती पिते.

तीन दिवस हेच. शेवग्याचा पाला बारीक चिरून चिमूटभर, एकदा पपईची फोड, एकदा चमचाभर दही. दूध नाही, कोंबडीला ते पचत नाही. भात, पाव, फरसाण सगळं बंद. कच्चा राजमा आणि हिरवट बटाट्याची सालं तर निरोगी कोंबडीलाही विषारी. आजारी जीवाला माया म्हणून काहीबाही भरवायचा मोह होतो, पण पोट खाऊने भरलं की मॅश राहतो. इतर वेळीही खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

डॉक्टरांनी विष्ठा तपासली. जंत निघाले. औषध दिलं आणि अंडी किती दिवस न खाता टाकून द्यायची तेही सांगितलं. खाण्याने जंत गेले नाहीत, तेवढे दिवस तिच्या अंगात ताकद राहिली. आठव्या दिवशी कवडी स्वतः उडी मारून खुराड्याच्या दांड्यावर बसली, तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून सासूबाईंना बोलावलं.

दुकानाला पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला, की सुट्या मॅशच्या पिशवीवर गोणी कधी फोडली ती तारीख लिहीत नाहीत. वाळवलेल्या अळ्यांचं पाकीटही आहे, महाग आहे. बाकीच्या तिघी तुटून पडतात, आजारी कोंबडीला द्यायच्या तर भिजवून आणि दोनचारच. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. सकाळी लवकर जा, तेव्हा ते निवांत बोलतात.